एनेलेसीला कोणी चिडवत नाही

५ ऑगस्ट, मंगळवार

एनेलेसी आली! दोन वर्षांनी. योतामने, तिच्या मुलाने, लुसाकाहून स्वतः गाडी चालवत आणली. तिचं घर समोरच आहे, पण इतके दिवस बंद, आत धुळीचे थर — म्हणून तूर्त माझ्याकडे.

गाडीचा आवाज ऐकून मी फाटकापर्यंत धावले. म्हणजे या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं. तोंडात शब्द तयार होता — "आलीस का गं उंदीरखाऊ?" तीस वर्षं हाच आमचा नमस्कार. ती न्गोनी जमातीची, मी बेंबा जमातीची. पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली आणि पणतवंडांच्या वाट्याला चेष्टा आली. तिच्याकडचे शेतातले उंदीर खातात, आमच्याकडचे माकडं खातात — निदान तिचं तसं म्हणणं. कोणी काहीही बोलावं, दुसऱ्याने रागवायचं नाही. रागावला तो हरला.

पण योताम आधी उतरला. मला कुंपणापाशी नेलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, डॉक्टरांनी बजावलंय, तिला लागेल असं एक अक्षर बोलायचं नाही. "चेष्टा तर अजिबात नको, मावशी. तिला आता चेष्टा कळत नाही. सगळं खरं वाटतं."

शब्द गिळला. "ये एनेलेसी, प्रवास बरा झाला ना?" म्हणाले. शाळेला भेट द्यायला आलेल्या बिशपांना म्हणायचो तसं.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "बरा झाला. आभारी आहे."

आभारी! एनेलेसी!

६ ऑगस्ट

योताम सकाळीच परत गेला. जाण्याआधी पायरीवर बसून सगळं सांगितलं. चहा तसाच निवला. वाळलाय पोरगा. कॉलर गळ्याभोवती सैल झालीय.

लुसाकाबाहेर नवी कॉलनी आहे, तिथे त्याने घर बांधलं. बाप गेल्यावर आई इथे एकटी, म्हणून तिला नेलं. सगळ्यांना तेव्हा हेवा वाटला होता — मलाही. प्रत्येक घराला माणसाहून उंच भिंत, भिंतीवर काचा, लोखंडी फाटक. तो पहाटे कामाला जायचा तो अंधारात परत. दिवसभर ती आणि भिंत.

सहा-आठ महिन्यांनी ती म्हणायला लागली, भिंतीपलीकडे कोणीतरी बोलतंय. दोन बायका, एक पुरुष. तिच्याशी नाही — तिच्याबद्दल. आता तिने भांडी घासली. आता ती खिडकीशी आली. आता तिला वाटतंय कोणी बघत नाही. भिंतीपलीकडे मोकळा प्लॉट आहे, गुडघाभर गवत. मग तिने खिडकीत चिंध्या कोंबल्या, दिवे लावायचं सोडलं. मग डॉक्टर, गोळ्या. गोळ्यांनी थोडा उतार आहे. डॉक्टरच म्हणाले, काही दिवस जुन्या जागी ठेवून बघा.

तर असं ठरलंय. महिनाअखेरीला योताम येणार. ती सुधारलेली दिसली तर इथेच राहील, आपल्या घरात. नाही तर समोरचं घर विकायचं — गिऱ्हाईक दोनदा बघून गेलंय — आणि ती कायमची त्या भिंतीआड. तो कामावर असताना बाहेरून कुलूप. "लावावंच लागतं, मावशी. एकदा बाहेर पडली ती संध्याकाळपर्यंत सापडली नाही."

कुलूप म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. एनेलेसीच्या दाराला मी कधी कडीसुद्धा लागलेली पाहिली नव्हती.

९ ऑगस्ट

गल्ली भेटायला आली. मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं आणि सगळ्यांनी ऐकलं — किती शहाण्यासारखी वागली माणसं! कोपऱ्यावर टोमॅटो विकणारी चोला, जिच्या आवाजाने कोंबड्या उडतात, ती कुजबुजत बोलली. चांगले मोठे टोमॅटो निवडून आणले होते. म्हातारे मकासा आले. खाणीत भुयारांना लाकडाचे टेकू लावण्यात त्यांचा जन्म गेला, आणि उरलेला एनेलेसीला छळण्यात. दर सुगीला यांचा एकच प्रश्न — "काय गं, यंदा उंदीर लठ्ठ आहेत का?" आज त्यांनी टोपी काढून हातात धरली. "बरी आहेस ना, बाई?" एवढंच. बायकोने त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

आजाऱ्याच्या खोलीत पाकळी पडावी तसं बोलावं, असं आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर बेनिग्ना सांगायच्या. आज आमची गल्ली त्यांनी बघायला हवी होती.

एनेलेसी हात मांडीवर ठेवून बसली होती. प्रत्येकाला आभारी आहे म्हणाली.

११ ऑगस्ट

पहाटे उठले तर ती कुंपणाच्या झाडीला कान लावून उभी. "कोण आहे?" विचारलं. म्हणाली, "तेच तर ऐकतेय."

१३ ऑगस्ट

आज दुपारी शेंगा सोलत बसलो होतो. ती आपणहून बोलली. बराच वेळ. जसं आठवतंय तसं लिहिते.

कॉलनीत गेल्यावर पहिल्याच महिन्यात तिने रताळी उकडली आणि टोपली घेऊन शेजारच्या फाटकाशी गेली. फाटकावर नावाची पाटी होती — आमच्याकडचं, बेंबा नाव. तिला इतका आनंद झाला म्हणे! चला, इथेही आपलं कोणीतरी आहे. फाटक वाजवलं आणि हाक मारली, "अगं माकडखाऊ, दार उघड, जेवण आणलंय."

आतून एक तरुण बाई आली. फाटकाच्या फटीतून बघितलं. इंग्रजीत विचारलं, काय काम आहे? एनेलेसीने पुन्हा तेच म्हटलं, हसत. बाईने वॉचमनला बोलावलं. संध्याकाळी योतामला फोन — तुमच्या आईची तब्येत ठीक आहे का?

त्यानंतर त्या रस्त्यावर तिला कोणी फाटक उघडलं नाही. वॉचमन सुद्धा मान वळवायचा. चितेंगे, कमरेला गुंडाळायचं कापड, धुऊन भिंतीवर वाळत घातलं तर शेजारचे काठीने खाली पाडायचे.

"तिला रागवायचा हक्क नव्हता गं," एनेलेसी म्हणाली. "पण ती रागावलीसुद्धा नाही. घाबरली."

मी शेंगा सोलत राहिले.

मला आमचं महिला मंडळ आठवत राहिलं. खाण कंपनीचं, तो पिवळा हॉल. मी विणकाम शिकवायचे. पहिल्याच दिवशी ही एक पोर पाठीला बांधून आली — योतामच तो — आणि सगळ्यांसमोर म्हणाली, माकडं झाडावर राहतात, त्यांना लोकर कशाला? वर्ग हसून आडवा झाला. मी कॉन्व्हेंटमधून आलेले, मान ताठ. कानशिलं तापली. मग माझ्याही तोंडून निघालं, उंदरांनी लोकर कुरतडू नये म्हणून. तिथून सुरू झालं. तिने विणलेल्या प्रत्येक स्वेटरची एक बाही लांब. योताम तेच घालून शाळेत गेला. खाणीचा भोंगा वाजला की पुरुष घरी यायचे, सगळ्या चुली एकदम पेटायच्या, आणि कोणाच्या पातेल्यात काय आहे ते कुंपणावरून ओरडून सांगायचं — न विचारता!

आता भोंगा नाही. निम्मी घरं विकली गेली. गल्लीच्या त्या टोकाला दोघांनी भिंतीही घातल्या.

१७ ऑगस्ट, रविवार

तिला चर्चमध्ये मिस्साला नेलं. लोकांनी तिच्यासाठी अख्खा बाक मोकळा केला. प्रेमानेच केला. ती त्या लांबलचक बाकावर एकटी बसली, मी एका कडेला. शांतीचा नमस्कार द्यायच्या वेळी माणसं वाकून वाकून, दोन्ही हातांनी तिचा हात धरत होती. ती प्रत्येकाचा चेहरा निरखून बघत होती. काहीतरी शोधावं तसं.

१८ ऑगस्ट

जेवली नाही. न्शिमाचा, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, गोळा माझ्या हातून घेईना. गोळी मात्र घेतली.

१९ ऑगस्ट



चोला भाजी घेऊन आली होती. भोपळ्याचा पाला, दाण्याचं कूट घालून — एनेलेसीला आवडतो तसा. "घ्या आई, गरम आहे," म्हणाली. एनेलेसी उठली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, तुम्ही त्या नाही. चेहरे नीट लावलेत, पण तुम्ही त्या नाही.

चोला रडायला लागली. मी म्हटलं, एनेलेसी, मी पर्पेट्युआ. तुझी मैत्रीण.

"पर्पेट्युआ माझ्याशी असं बोलत नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. समजावून सांगत होती मला. "मी मेले असते ना, तरी बेंबांनी माझ्या शवपेटीवर बसून माझी टिंगल केली असती. हा नियमच आहे. तुम्ही तेवढंही करत नाही. म्हणजे मी मेलेलीसुद्धा नाही. मग मी कोण आहे?"

खोलीत गेली. खिडकीत माझा टॉवेल कोंबला.

देवा! आम्ही काय केलं हे?

संध्याकाळी योतामला फोन लावला. सगळं सांगितलं. त्याने विचारलं, आवाज अजून तेच का, बाई की पुरुष, कुठल्या बाजूने येतात म्हणते? डॉक्टरांना सांगायचं असेल. शेवटी म्हणाला, "जाऊ द्या मावशी. तुम्ही प्रयत्न केलात. मी तीस तारखेला येऊन घेऊन जातो." त्याच्या आवाजात वाईट वाटल्याचं फारसं जाणवलं नाही. उलट सुटल्यासारखा वाटला. मला राग आला त्याचा.

२० ऑगस्ट

सकाळी मी चिडवायचा प्रयत्न केला. चहा पुढे ठेवला आणि म्हटलं, "घे गं उंदीरखाऊ." पण तोंडून निघालं ते धर्मपाठाच्या उत्तरासारखं. तिला माझी दया आली असावी. कप उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवला.

ठरवून चिडवता येत नाही. आत भीती असली की येतच नाही.

२३ ऑगस्ट

म्हातारे मकासा गेले. दुपारी अंगणात खुर्चीवर बसून रेडिओवर फुटबॉलची मॅच ऐकत होते. मॅच संपली, हे उठले नाहीत. त्यांच्या बायकोला वाटलं, हरलेले दिसतात.

२४ ऑगस्ट, रविवार

मयताच्या घरी गेले. आत बायका जमिनीवर, बाहेर पुरुष लाकडं पेटवून बसलेले. सगळं रीतीप्रमाणे. तरी काहीतरी चुकत होतं, ते काय ते कळेना. मग लक्षात आलं — फार शांत होतं.

पूर्वी बेंबा माणूस गेला की न्गोनी मंडळी न बोलावता यायची. स्वयंपाकाची पातेली पळवायची, मेलेल्याचे कपडे घालून त्याच्या नकला करायची, पेटी वाटेत अडवायची. रडून रडून माणसं थकली की नेमकं तेव्हा हसवायची. त्यांचं ते कामच. पण आता आमच्या गल्लीत न्गोनी उरलेत कुठे? कोणी घर विकून गावी गेलं, कोणी कबरीत. एकच आहे. ती माझ्या घरी खिडकीत टॉवेल कोंबून बसली आहे.

मकासांची बायको गादीवर बसलेली, डोक्याला फडकं. मला जवळ बोलावलं. "उद्या त्यांना न्यायचं. कोणी बोलणार नाही का त्यांना? माझा माणूस असा गुपचूप जाणार, चोरासारखा?"

मी म्हटलं, एनेलेसीची तब्येत तुला माहीत आहे. डॉक्टरांनी मना केलंय. मुलाने मना केलंय. अजून बिघडलं तर?

तिने माझा हात सोडला. "तुझ्या घरी ती वेडी असेल," म्हणाली. "माझ्या घरी ती न्गोनी आहे. मी तिला बोलावते आहे."

घरी येऊन योतामला फोन केला. म्हणाला, नाही, नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. तिथे रडारड, गर्दी, तिला झेपणार नाही. त्याचंही खरं आहे. जपमाळ हातात घेतली आणि मोजणं चुकत राहिलं.

२५ ऑगस्ट

घडलं ते सगळं लिहून ठेवते.

सकाळी चोला आली. कुंपणापलीकडेच उभी राहिली. माझ्याकडे न बघता एनेलेसीला म्हणाली, आई, मकासांच्या बायकोने निरोप दिलाय. माणसाला आज पुरायचं आहे आणि त्याला अजून कोणी शिवी दिलेली नाही.

मी मध्ये पडू शकले असते. तोंड उघडलंही होतं. पण एनेलेसीचा चेहरा बघितला आणि मिटलं. ती हिशेब मांडत होती. खूप दिवसांनी तिला कोणीतरी काम सांगितलं होतं.

"त्याचे बूट कुठे आहेत?" तिने विचारलं.

आम्ही तिच्या मागून गेलो. ती मयताच्या घरात सरळ आतल्या खोलीत शिरली. बायका बाजूला झाल्या, माझ्याकडे बघायला लागल्या. मी जमिनीकडे बघितलं. बराच वेळ आतून काही आवाज नाही. मला वाटलं संपलं, आता आतून ओरडणार.

मग दार उघडलं आणि मकासा बाहेर आले.

खाणीतलं हेल्मेट, गुडघ्यापर्यंतचे बूट, तो पट्ट्याचा कोट. डावा पाय ओढत, तोंडाने शीळ घालत — शिळेतला तो एक सूर चुकायचा तो सुद्धा चुकवला! अंगणात आले, आपल्या खुर्चीवर बसले, रेडिओला कानफटात दिली. जमलेल्या माणसांकडे बघितलं.

"कोण गेलं?" एनेलेसीने त्यांच्या घोगऱ्या आवाजात विचारलं. "मी? कोण म्हणतं? बाहेर एवढी मोठी पातेली चढलीत, आणि ती सोडून बेंबा मरेल?"

कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. आजही मी शाळेतली मॉनिटर!

आतून हसू आलं. गादीवरून. मकासांची बायको हसत होती, रडत होती, मांडीवर हात मारत होती. "हेच, हेच! अगदी हेच म्हणाले असते!"

मग काय! जणू सगळ्या गल्लीच्या तोंडातलं बूच उडालं. पेटी पिकअपमध्ये ठेवली तर एनेलेसी चाकांपुढे आडवी. कोंबडी दिल्याशिवाय हा माकडखाऊ जमिनीत जाणार नाही, म्हणाली, आणि जमीन तरी त्याला का घेईल, ती काय उपाशी आहे? चोला कमरेवर हात ठेवून तिच्यावर ओरडली, "ऊठ गं उंदीरखाऊ, तुझ्या बिळात जा! कोंबडी बघून सुद्धा तुला ती खायची असते हे कळणार नाही, शेपूट शोधत बसशील." एनेलेसीने मान वर करून चोलाकडे बघितलं. नीट, वेळ घेऊन. मग उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही. सिस्टर बेनिग्ना वरून वाचत असतील.

फादर घड्याळ बघत उभे होते. शेवटी कोंबडी आणली, पाय बांधलेली. तेव्हा उठली.

दफनाच्या जागी पेटी खाली सोडली तेव्हा तिने हेल्मेट काढलं आणि रडली. भिंतीशी उभं राहून नव्हे. माझ्या खांद्यावर.

२६ ऑगस्ट

सकाळी स्वयंपाकघरात आली. चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "काय गं माकडखाऊ, साखर घातलीस की नुसती दाखवलीस?"

मला कप खाली ठेवावा लागला.

मग मी विचारलं, ते आवाज? म्हणाली, आहेत. गेले कुठे? "पण तुमचा गोंगाट एवढा, की त्यांना बोलायला थांबून राहावं लागतं." गोळी मागून घेतली. गोळी सोडायची नाही, हे तिचं तिलाच पटलेलं दिसतं. बरं झालं.

२८ ऑगस्ट

तिचं घर उघडलं. सगळ्या मिळून झाडलं. तिने कोयता घेऊन कुंपण छाटलं — कमरेइतकं ठेवलं, वर नाही. आता माझ्या ओट्यावरून तिची चूल दिसते. संध्याकाळी ओरडून विचारलं, काय शिजतंय? ओरडून उत्तर आलं, तुझे नातेवाईक.

२९ ऑगस्ट

दुपारी तासभर वाईट गेला. घरामागे जाऊन बसली, कान झाकून. मी शेजारी जाऊन बसले. मग चोला जाता जाता म्हणाली, दोन्ही म्हाताऱ्या उन्हात वाळत घातल्यात की काय? एनेलेसीने कानावरचे हात काढले. लगेच नाही. पण काढले.

उद्या योताम येईल. हा तासही त्याला सांगायला हवा. लपवणार नाही. पण धाकधूक होते आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

आला तेव्हा त्याची आई चोलाशी भांडत होती. टोमॅटो उंदरांनी चाखलेले आहेत की माकडांनी, असा वाद. रस्त्यावर माणसं हसत उभी. योताम गाडीतून उतरला नाही. काच वर केलेली. बघत राहिला.

मग माझ्या घरात येऊन रागावला. मी बजावून सांगितलं होतं, म्हणाला. तुम्ही सगळे मिळून एका आजारी बाईचा खेळ करताय. गोळ्यांनी उतार पडलाय, चिडवण्याने नाही. उद्या पुन्हा वाढलं तर?

मी कालचा तास सांगितला. मग म्हणाले, "वाढलं तर वाढलं, योताम. दवाखाना इथेही आहे. पण वाढलं तर आम्हाला कळेल. तिथे कोणाला कळणार? गवताला?"

तो काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. ओठ सुकलेले. मला वाटलं, चढून बोलले मी, लागलं त्याला. पण थांबले नाही. म्हटलं, ते घर विकू नकोस. तिला कुलूप लावू नकोस. ती कोण आहे हे इथे तिला रोज चार जण सांगतात, शिव्या देऊन का होईना.

शेवटी म्हणाला, ठीक आहे. राहू दे तिला. गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगतो.

जिंकलो! एनेलेसी राहणार! आनंदाने नाचावंसं वाटलं. पण योतामकडे बघून नाचता येईना. बस निघून गेल्यावर थांब्यावर उरलेल्या माणसासारखा तो उभा होता. जेवला नाही. उद्या पहाटे निघतो म्हणाला. रात्री आईच्या घरी झोपायला गेला.

३१ ऑगस्ट, रविवार

गाडी अजून फाटकाशीच आहे. मिस्साच्या आधी एनेलेसी आली. डोळे सुजलेले, पण आवाज घट्ट. पहाटे त्याने सांगितलं तिला. भिंतीपलीकडचे ते लोक तो तिच्याही आधीपासून ऐकतोय — वर्षभर आधीपासून. एकट्याला राहवेना, म्हणून आईला नेलं होतं. डॉक्टरांना स्वतःचं कधी सांगितलंच नाही. आता तिच्या पुढच्या खोलीत झोपलाय, पायात बूट तसेच. सोमवारी ती त्याला घेऊन दवाखान्यात जाणार आहे.

मी म्हटलं, गल्लीला हळूच कानावर घालते.

"हळूच कशाला?" ती म्हणाली. "ओरडून सांग. आणि म्हणावं, खबरदार, कोणी त्याच्याशी चांगलं वागलात तर."